डी अँड डीची नवी पुस्तकं छापील घ्यावीत की डिजिटल?

कर्वेनगरचा डीएम:
दर शनिवारी आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे डी अँड डीचा अड्डा जमतो. फासे टाकून एकत्र गोष्ट रचायचा हा खेळ, आणि ती गोष्ट चालवणारा डीएम मी. खेळणारे सगळे नोकरदार. बोलणं मराठीत, नियम इंग्रजीत. इतकी वर्षं २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकवर, खेळाडूंच्या नियमपुस्तकावर खेळलो, आता त्या पुस्तकाची पाठ सुटली आहे. म्हणून २०२४ च्या नियमांवर जायचं ठरलंय आणि तिथेच गाडं अडलंय. दोघांचं म्हणणं, डी अँड डी बियॉन्ड या कंपनीच्या साइटवर घ्या: छापील हँडबुकची मूळ किंमत ४९.९९ डॉलर, डिजिटल २९.९९. शिवाय एकाने वरच्या दर्जाची वर्गणी भरली की सगळ्या ग्रुपला वाचता येतं. मला मात्र छापील पुस्तक टेबलावर हवंय. पण हा खेळ उद्या पूर्ण स्क्रीनवरच जाणार असेल तर हँडबुक, राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल आणि डीएमचं गाइड अशा तीन जाडजूड पुस्तकांत पैसे घालू का? खेळणाऱ्यांनीच सांगा.

वाकडकर:
जाणार कसला, आमच्यासाठी गेलाच आहे. कॉलेजचा ग्रुप होता. एक जण आता बंगळुरूला, एक जर्मनीत, मी इथे. फाउंड्री नावाच्या ऑनलाइन टेबलावर खेळतो. लायसन्स एकदाच घ्यायचं, तेही फक्त डीएमने, आणि ते स्वतःच्या मशीनवर चालतं. नकाशा, फासे, अंधारात कोणाला किती दिसतं, सगळं तिथेच. स्क्रीन नसती तर आमचा खेळ कधीच बंद पडला असता. पुस्तकं आईकडे माळ्यावर आहेत.

फासेवाली, सदाशिव पेठ:
वाकडकर, तुमचं पटतं. लांबच्या मित्रांना दुसरा मार्गच नाही. पण कर्वेनगरकरांचा ग्रुप एका खोलीत बसतो, त्यांचं उत्तर वेगळं असायला हवं.

मी सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांचा खेळ चालवते. हँडबुकमध्ये स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, अकारविल्हे असतात. खेळात विझार्ड (जादूगार) झालेली एक मुलगी फायरबॉल शोधायला गेली आणि दोन पानं आधी फाइंड फॅमिलियरवर, सोबतीला प्राणी बोलावणाऱ्या स्पेलवर अडकली. पुढचा सगळा खेळ तिच्या घुबडाभोवती फिरला. सर्चमध्ये तिने फायरबॉल टाइप केलं असतं आणि फायरबॉलच मिळालं असतं. वाद झाला की पुस्तक हातोहात फिरतं, ज्याच्या हाती येईल तो नियम मोठ्याने वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो. फोनवर तेच करायला गेलं की प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनमध्ये शिरतो, आणि ऑफिसचा मेसेज आला की तो माणूस खेळातून उठलाच म्हणून समजा.

आता पैशांचं. डिजिटल घेतलेलं आपल्याकडे किती दिवस राहील, हे विकणारा ठरवतो. २००९ च्या एप्रिलमध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे डी अँड डीच्या कंपनीने, पायरसीचं कारण देऊन पुस्तकांच्या पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या. त्या परत आल्या २०१३ मध्ये. खेळाच्या चौथ्या आवृत्तीची ऑनलाइन साधनं सिल्व्हरलाइटवर उभी होती, ते तंत्रज्ञान मावळलं तशी तीही बंद झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बियॉन्डने जाहीर केलं की कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या नोंदपानावरचे, जुने स्पेल नव्या नियमांप्रमाणे बदलले जातील. लोक भडकले, तेव्हा निर्णय मागे घेतला. घरातल्या कपाटात येऊन कोणी तुमच्या २०१४ च्या पुस्तकाची पानं बदलत नाही. मला छापील हवं असण्याचं खरं कारण हे. कागदाचा वास वगैरे माझ्या खिजगणतीत नाही.

आणि पूर्ण स्क्रीनवर जाण्याचं भाकीत? कंपनीने स्क्रीनवर खेळायचं सिजिल नावाचं त्रिमितीय टेबल बांधायला घेतलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यावरच्या बहुतेक लोकांना कामावरून काढलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवं मॉन्स्टर मॅन्युअल मात्र छापून बाजारात आलं होतं.

तरी तिन्ही पुस्तकं छापील घेऊ नका. मॉन्स्टर मॅन्युअल माझ्याकडे डिजिटल आहे आणि मला तेच आवडतं. त्यात पाचशेहून जास्त राक्षस आहेत. तयारी करताना चाळणी लावून हवे ते काढता येतात, आणि ते खेळाडूंना दाखवायचेही नसतात. हँडबुक छापील घ्या, जमल्यास दोन प्रती. डीएमचं गाइड लायब्ररीतून किंवा मित्राकडून आणून वाचा. टेबलावर ते क्वचितच उघडावं लागतं.

विकत घेण्याआधी एसआरडी ५.२ उतरवून घ्या. मूळ नियमांचा हा फुकट दस्तऐवज २०२५ च्या एप्रिलमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आला. प्रत्येक क्लासचा, म्हणजे विझार्डसारख्या पात्रप्रकाराचा, एकच उपप्रकार आहे त्यात, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. तो छापायला कोणाची परवानगी लागत नाही. स्पेलांचा भाग तेवढा अप्पा बळवंत चौकात दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल करून घ्या. टेबलावर सपाट उघडा राहतो, सरबत सांडलं तरी जीव जात नाही.

नारायण पेठ बाइंडर:
पाठ सुटली म्हणून जुनं पुस्तक टाकू नका. मधोमध उघडून घडीत दोरा दिसतो का बघा. दिसला तर पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी शिवलेलं आहे. पाठीवर नवं कापड लावून त्याच कव्हरमध्ये परत बसवता येतं. सुटी पानं नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतील तर काम जास्त आहे, पाठ थोडी कापून कडेने शिवावं लागतं आणि आतल्या बाजूची अक्षरं दाबली जातात. सेलोटेप अजिबात लावू नका, काढताना चकचकीत कागदावरचं चित्र सोबत येतं. एसआरडी छापताना डावीकडे जास्तीचा समास सोडायला सांगा, नाहीतर स्पायरलची भोकं मजकुरात जातात.

कर्वेनगरचा डीएम:
दोरा दिसतोय! या आठवड्यात पुस्तक बाइंडरकडे देतो. नवं हँडबुक छापील, मॉन्स्टर मॅन्युअल डिजिटल, वर्गणी पाच जणांत वाटून. ते दोघंही तयार झालेत.

फासेवाली ताई, एसआरडीचं लायसन्स वाचलं. मूळ श्रेय छापलं तर भाषांतरही चालतं असं दिसतंय. आमच्यातल्या एकाची बहीण खेळायला यायला उत्सुक आहे, पण इंग्रजी नियमांना बिचकते. पहिल्या पातळीच्या स्पेलांपासून मराठीत उतरवायला घेतो. तुमच्या मुलांपैकी कोणी कच्चा खर्डा वाचून कुठे अडलं ते सांगेल का?

फासेवाली, सदाशिव पेठ:
पाठवा. घुबडवाली पहिली वाचेल. फाइंड फॅमिलियर आधी करा, नाहीतर ऐकायची नाही.