ॲसिटोनाइट्राइलमधला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचाय, डाय वापरून जमेल का?

फोटोवाला_सातारा:
मंडळी जरा मदत करा. साताऱ्यात पीएचडीचं काम चालूय, रिॲक्शन ॲसिटोनाइट्राइल या सॉल्व्हंटमध्ये आहे आणि ऑक्सिजन राहिला की सगळी बोंब, म्हणून नायट्रोजन सोडतो पण शेवटी उरला किती ते कळायला मार्गच नाही. डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) पाण्याचा आहे, सर म्हणाले त्यात सॉल्व्हंट घातलास तर प्रोबचे पैसे तुझ्या स्टायपेंडमधनं. कपाटात मिथाइल व्हायोलोजेन हा डाय आहे, पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरलेला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) पण आहे. इलेक्ट्रोडवर डाय रिड्यूस करायचा, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचा, त्याचा निळा रंग ऑक्सिजन घालवत राहणार, निळा टिकला की ऑक्सिजन संपला, आणि तोवर गेलेल्या चार्जवरनं हिशोब. एका ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन किती धरू, चार?

कुपवाड_क्यूसी:
सरांचं ऐक भावा. सॉल्व्हंटची वाफ मेम्ब्रेनमधनं आत जाते, आतलं क्लोराइडचं पाणी बिघडतं, मग रीडिंग वाट्टेल ते. विंकलर (ऑक्सिजनचं टायट्रेशन) पण विसर, ते पाण्याचंच काम.

व्होल्टॅमेट्री_ताई:
चार अजिबात धरू नकोस, ते पाण्यात, तेही पूर्ण रिडक्शन झालं तर. सुक्या ॲसिटोनाइट्राइलमध्ये ऑक्सिजन एकच इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइडवर थांबतो, पाण्याचा किंवा ॲसिडचा अंश असला की पेरॉक्साइडपर्यंत जातो म्हणजे दोन, आणि तुझी बाटली किती सुकी आहे यावर आकडा एक ते दोनच्या मधे कुठंही लटकणार. शिवाय व्हायोलोजेन साधारण -०.४५ व्होल्टला रिड्यूस होतं आणि ॲसिटोनाइट्राइलमध्ये ऑक्सिजनला -०.८७ च्या आसपास लागतं (दोन्ही कॅलोमेल या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत), म्हणजे इलेक्ट्रॉन चढावर ढकलायचाय. निळा जाईलही, पण का गेला ते सांगता येणार नाही. माझं ऐकशील तर डाय ठेव बाजूला, ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड पॉलिश कर, करंट वाहायला ०.१ मोलर टेट्राब्युटिलअमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ टाक आणि सरळ ऑक्सिजनचीच सायक्लिक व्होल्टॅमेट्री घे, म्हणजे व्होल्टेज खाली नेऊन परत आणायचा आणि करंट बघायचा. जाताना एक पीक, येताना सुपरऑक्साइडचं दुसरं, आणि पहिल्याची उंची ऑक्सिजनच्या प्रमाणात. येतानाचं पीक बारीक झालं तर समज सॉल्व्हंट ओला आहे.

फोटोवाला_सातारा:
ताई भारी! मग कॅलिब्रेशन कशावर? हवेनं सॅच्युरेट केलेल्याचा आकडा १.९ मिलिमोलर सापडला, पाण्यात तर ०.२७ च्या आसपासच असतो ना.

व्होल्टॅमेट्री_ताई:
हो, सातपट विरघळतो, म्हणून तर नायट्रोजन जास्त वेळ सोडावा लागतो. पण तो आकडा समुद्रसपाटीचा. सातारा सातशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास, त्यातनं सॉल्व्हंटच्या वाफेचे २५ अंशाला १२ एक वजा कर आणि उरलेल्याचे २१ टक्के ऑक्सिजन. म्हणजे तुझा आकडा १.७ च्या जवळ येतो, दहा टक्के फरक आहे राव, सोडून कसं चालेल. शून्यासाठी नायट्रोजन सोडून ब्लँक (ऑक्सिजनशिवायचं रीडिंग) घे, आणि नायट्रोजन आधी त्याच सॉल्व्हंटच्या बबलरमधनं आण, नाहीतर सेलमधला सॉल्व्हंट उडतो आणि सगळं घट्ट होत जातं.

कुपवाड_क्यूसी:
आणि नायट्रोजनची नळी सिलिकॉनची असेल तर आधी ती काढून टाक, तिच्यातनं ऑक्सिजन चाळणीतनं आल्यासारखा आत येतो. टेफ्लॉन नाहीतर तांब्याची लाव, मग ब्लँक घे.