गाडीची किल्ली नदीत पडली : नवी करून घ्यावी एवढेच, की जुनी मेमरीतून काढावी?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न :

नमस्कार. गेल्या रविवारी नृसिंहवाडीच्या घाटावर शेवटच्या पायरीवर वाकून पाय धुताना माझ्या शर्टाच्या खिशातली गाडीची किल्ली संगमात पडली. गाडी २०१७ सालची असून मी ती २०२१ मध्ये वापरलेली विकत घेतली. ती किल्ली फिरवून सुरू होणारी आहे, बटणाची नव्हे. भावाने सांगलीहून दुसरी किल्ली आणून दिल्यामुळे गाडी घरी आली.

त्यानंतर घराजवळच्या दुकानातून दीडशे रुपयांत हुबेहूब किल्ली कापून घेतली. तिने दार उघडते, स्टार्टर फिरतो, इंजिन दोनेक सेकंद धडधडते आणि बंद पडते. मीटरमध्ये किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहते. आता शोरूमने नव्या किल्लीचे साडेनऊ हजार सांगितले आहेत, तर बाजारातला एक किल्लीवाला साडेतीन हजारांत काम करतो म्हणतो. हा फरक कशाचा? आणि जी किल्ली नदीच्या तळाशी गेली, तिची धास्ती घेण्याचे काही कारण आहे का?

पानापक्कड यांचे उत्तर :

मी मिरजेत बावीस वर्षे किल्ल्यांचेच काम करतो. आपल्याला दीडशे रुपयांत मिळाली ती फक्त पाते आणि खाचा. दाराच्या कुलपाला तेवढे पुरते, इंजिनाला पुरत नाही. मूळ किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली फिरवण्याच्या जागेभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही, तर गाडीचा संगणक, ज्याला आम्ही ईसीएम म्हणतो, इंधनाचा पुरवठा तोडतो. आपल्या गाडीचे ते दोन सेकंद म्हणजे ही चौकशी चालू असण्याचा वेळ. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते ती याच कारणाने, कारण दार उघडणारे रिमोट आणि इंजिन सोडणारी चिप ही एकाच डबीतली दोन वेगळी यंत्रे आहेत.

दरातला फरक बराचसा रास्त आहे. शोरूम चासी नंबर देऊन कंपनीकडून किल्ली मागवते, तिच्यात बहुधा रिमोटही असते. साडेतीन हजारांत रिमोट आहे की नुसती चिप, हे आधी विचारून घ्यावे. काम कोणाकडूनही करून घ्या, पण ते एक किल्ली हातात आहे तोवरच करा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा संगणक तपासण्याच्या जोडणीला, स्कॅनर लावला की अर्ध्या-पाऊण तासात नवी चिप त्या संगणकाच्या मेमरीत नोंदवता येते. दोन्ही किल्ल्या गेल्या, तर मात्र गाडी टो करून न्यावी लागते, कंपनीकडून सुरक्षा कोड मागवावा लागतो आणि काही मॉडेल्समध्ये ईसीएम आणि संपूर्ण लॉकसेट बदलण्याची पाळी येते. तो खर्च ऐकून गिऱ्हाइके खुर्चीवर बसतात.

नदीच्या तळाविषयी म्हणाल, तर चिप काचेत किंवा लाखेसारख्या पदार्थात बंद असल्यामुळे ती पाण्याने सहसा मरत नाही. धुण्याच्या यंत्रातून निघालेल्या कितीतरी किल्ल्यांनी गाड्या सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत. घाटांवर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुले आपण पाहिलीच असतील. म्हणून विचारतो, आपल्या किचेनवर गाडीचा नंबर कोरलेला होता का?

सविनय यांचे उत्तर :

मी विमा दाव्यांचे काम पाहतो, म्हणून एवढीच भर घालतो. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी एफआयआर, आरसी आणि पोलिसांच्या तपासाचा शेवट सांगणारा न्यायालयाचा 'अ समरी' अहवाल मागते, आणि त्यांच्यासोबत गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्याही मागते. त्या वेळी "एक नदीत पडली होती" असे तोंडी सांगितले, तर दाव्याला फाटे फुटतात. म्हणून किल्ली हरवल्याची नोंद पोलिसांकडे आजच करावी, तिची प्रत जोडून विमा कंपनीला ईमेलने कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. आपल्या पॉलिसीत किल्ली बदलून देण्याचे जोडकलम असेल, तर त्यासाठीही हीच नोंद लागेल.

लहर४३३ यांचे उत्तर :

पानापक्कड साहेबांनी जे सांगितले, त्यात थोडी तांत्रिक भर घालतो. 'ओळख सांगते' म्हणजे चिप दरवेळी एकच आकडा उच्चारते असे नव्हे. चांगल्या व्यवस्थेत गाडी एक यादृच्छिक संख्या विचारते आणि चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येच्या आधारे तिचे उत्तर काढून देते, त्यामुळे एकदा ऐकलेले उत्तर दुसऱ्यांदा कामाला येत नाही. रिमोटचेही तसेच आहे. आपल्याकडे ते बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलते, दर दाबणीला त्यातला मोजणीचा आकडा पुढे सरकतो आणि मागचा आकडा गाडी स्वीकारत नाही.

युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा आहे. तो नसला की काय होते, हे अमेरिकेत दिसले : ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक स्वस्त मॉडेल्समध्ये तो नव्हता, आणि २०२२ च्या सुमारास समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून पोरांनी त्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने पळवल्या. अर्थात चिपही अभेद्य नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपची ४० बिटांची गुप्त संख्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी २००५ मध्येच उलगडून दाखवली होती. मेगामोस नावाच्या चिपवरचा शोधनिबंध तर इंग्लंडच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते दडपून काही साधले नाही, कारण ज्यांना कळू नये त्यांना असल्या गोष्टी आधीच कळलेल्या असतात.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांचा धोका निराळा आहे. घरात टेबलावर पडलेल्या किल्लीचा संदेश दोन यंत्रांच्या साह्याने गाडीपर्यंत पोचवला, तर गाडीला किल्ली शेजारीच असल्यासारखे वाटते. झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेल्सवर हे करून दाखवले. तशी किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवल्यास पुष्कळसा प्रश्न मिटतो. आपल्या गाडीला मात्र याची झळ नाही.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. किचेनवर नंबर कोरलेला होता. देवळाबाहेरच हौसेने करून घेतला होता. काल साडेतीन हजारांत, रिमोट नसलेली, किल्ली करून घेतली. स्कॅनर लावल्यावर मेमरीत किती किल्ल्या आहेत, असे मी सहज विचारले, तर पडद्यावर तीन दिसल्या. मला गाडी घेताना दोनच मिळाल्या होत्या. जुन्या मालकांना फोन केला, तर ते म्हणाले की त्यांनाही दोनच मिळाल्या होत्या. त्यांच्या आधीही एक मालक होते. कारागिराने सगळी मेमरी पुसून माझ्या हातातली जुनी आणि ही नवी, अशा दोनच नोंदवल्या. आता दारांचा लॉकसेटही बदलावा का?

पानापक्कड :

मेमरी पुसली हे उत्तम झाले. म्हणूनच गाडीच्या सगळ्या किल्ल्या सोबत नेण्यास आम्ही सांगतो, कारण जी समोर नसेल ती बाद होते. ती तिसरी किल्ली आणि नदीतली किल्ली आता इंजिन सुरू करू शकणार नाहीत. दार मात्र दोन्ही उघडतील, कारण खाचा त्याच आहेत. गाडीत लॅपटॉप वगैरे ठेवून जाण्याची सवय असेल, तर लॉकसेट बदला. नसेल, तर तो खर्च टाळून स्टिअरिंगला लावायचे कुलूप घ्या. विम्याच्या ईमेलमध्ये तिसऱ्या किल्लीचाही उल्लेख करा आणि नव्या किल्लीला नंबर नसलेले किचेन लावा.