संरक्षणाचे स्तोत्र म्हणणाऱ्या घरावरही संकट येते, तेव्हा भरवसा नेमका कशावर ठेवावा?

प्रश्न (परिचारिका, सांगली जिल्हा)

सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या काळापासून कुटुंब-उपासनेचा शिरस्ता आहे. सकाळी घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधील एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणायचे, ही सासूबाईंची शिस्त होती आणि त्यांच्यामागे ती जबाबदारी माझ्याकडे आली. माझा मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असून तो मोटारसायकलने ये-जा करतो. तुझ्या बाजूला हजार पडले तरी ते तुझ्याजवळ येणार नाही, या ओळीपाशी माझा हात त्याच्या केसांवर जरा जास्त वेळ रेंगाळतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक बंधू महामार्गावरील अपघातात गेले. प्रार्थनेत आणि सेवेत नेहमी पुढे असणारा तो माणूस होता आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर याच स्तोत्राचे वचन चिकटवलेले होते. मी त्यांच्या घरी सांत्वनाला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने मला एवढेच विचारले, “सिस्टर, तुम्हीही घरी हेच स्तोत्र म्हणता ना?” मला त्यावर काहीच बोलता आले नाही.

देवावरील माझा विश्वास ढळलेला नाही, परंतु रोज सकाळी त्या ओळीवर आता जीभ अडखळते. देवाने संरक्षणाचे जे अभिवचन दिले आहे, ते नेमके कशाचे आहे? आणि दुसरे असे की, ओळीने रात्रपाळ्या झाल्या की अंगात त्राण उरत नाही. अशा वेळी “प्रभू सामर्थ्य देईल” असे सगळेच म्हणतात, परंतु ते सामर्थ्य माणसाला मिळते तरी कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (निवृत्त पाळक, अहिल्यानगर)

ताई, सलाम. आपला प्रश्न अविश्वासाचा नाही. पवित्र शास्त्र मनापासून वाचणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो.

एक्क्याण्णवाव्या स्तोत्राविषयी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, नव्या करारात हे स्तोत्र उघडपणे उद्धृत करणारा सैतान आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, या वचनाच्या आधारे खाली उडी टाकण्यास सांगतो. वचन खरेच आहे, शब्दही जवळजवळ जसेच्या तसे आहेत. तरीही प्रभू ते नाकारतो आणि जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा पुढे ठेवतो की, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. ज्या पुत्राला हे अभिवचन इतर कोणाहीपेक्षा अधिक लागू होते, त्याने त्याचा उपयोग इजा टाळण्याची हमी म्हणून केला नाही आणि पुढे तो वधस्तंभापर्यंत गेला. म्हणून आपल्याला इजा होणारच नाही, असा या स्तोत्राचा अर्थ मी माझ्या उभ्या सेवेत कधी सांगितला नाही आणि आजही सांगणार नाही.

मग त्यात अभिवचन उरते तरी काय, असे आपण विचाराल. त्याच स्तोत्राचे पंधरावे वचन शांतपणे वाचावे. संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, असे तेथे देव म्हणतो. याचा अर्थ ज्याने देवाचा आश्रय घेतला आहे त्याच्यावरही संकट येणार, हे स्तोत्रकर्त्याने धरूनच चालले आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय मी मंडळीत अनेकदा मुद्दाम वाचून घेतो. त्याच्या आरंभी हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि त्यानंतर काही ओळींतच देवदूत पेत्राला दोन शिपायांच्या मधून उठवून तुरुंगाबाहेर आणतो. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, असे या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. याकोबासाठी तिने प्रार्थना केली नसेल, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. एक गेला आणि एक वाचला, याचे कारण लूक देत नाही. जे शास्त्राने सांगितले नाही ते आपण व्यासपीठावरून सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातही विश्वासाच्या बळावर तलवारीच्या धारेपासून निभावलेले लोक आहेत आणि त्यांच्यापासून दोन-तीन वचनांच्या अंतरावर तलवारीने मारले गेलेले लोकही आहेत, आणि लेखक दोघांच्याही विश्वासाची साक्ष देतो.

उत्तर २ (एक विश्वासी, पुणे)

पाळकसाहेबांचा आदर राखून मी थोडा वेगळा विचार मांडतो. माझ्या वाहनाला घाटात अपघात झाला असता मी एका ओरखड्याशिवाय बाहेर आलो आणि त्या वेळी माझ्या ओठांवर हेच स्तोत्र होते. देवाचे वचन कधी रिकामे परतत नाही. जेथे संरक्षण मिळाले नाही, तेथे विश्वासात कोठेतरी फट राहिली असावी किंवा एखादे पाप कबूल करायचे राहिले असावे, हेही आपण तपासून पाहायला नको का?

उत्तर ३ (निवृत्त पाळक, अहिल्यानगर)

बंधू, आपण वाचलात याबद्दल देवाची उपकारस्तुती असो. आपली साक्ष आपण अवश्य सांगत राहावी. परंतु तिच्यावरून जे दुसऱ्या घरात वाचले नाहीत त्यांच्याविषयी निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे प्रभूने लूकच्या तेराव्या अध्यायात विचारले आणि स्वतःच “नाही” असे उत्तर देऊन ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही त्याच्या बाबतीत हेच तपासून पाहिले होते आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर भडकला. आपल्या मंडळीतील एखादी विधवा हा धागा वाचत असेल, हे ध्यानात ठेवून आपण सर्वांनी येथे लिहावे, ही कळकळीची विनंती.

उत्तर ४ (गृहिणी, वसई)

जय येशू, सिस्टर. आम्ही कॅथलिक कोळी आहोत आणि आमच्या पुरुषांचे जगणे दर्यावर आहे. पावसाळ्याची बंदी उठली की बोटी पुन्हा पाण्यात जातात. त्याआधी फादर येऊन बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि संध्याकाळी घरोघरी रोझरी होते. माझे सासरे बोटीच्या नाळेवर क्रूसाची खूण केल्याशिवाय दोराला हात लावत नसत. तेच सासरे निघण्यापूर्वी इंजिनाचे तेल स्वतः पाहायचे, लाइफ जॅकेट मोजायचे आणि हवामानखात्याचा इशारा असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी बोट सोडू द्यायचे नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा सूचना मिळताच त्यांनी बोट किनाऱ्याला आणवली आणि मग आम्ही सगळे वेदीपुढे गुडघे टेकून बसलो. क्रूसाची खूण आणि हवामानाचा इशारा या दोन गोष्टींत त्यांना कधीही विरोध दिसला नाही.

जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हेच आहे. शत्रू यरुशलेमेवर चालून येण्याच्या बेतात असताना लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, आणि हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेले आहे. आपल्या मुलाच्या डोक्यावरचा आशीर्वाद आपण मुळीच सोडू नये. मात्र त्यानंतर हेल्मेटचा पट्टा नीट लावला आहे की नाही, हेही त्याच हाताने पाहावे.

आणखी एक सांगावेसे वाटते. मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा उतारा आमच्याकडे फार प्रिय आहे. शिष्य प्रभूला उठवून म्हणतात की, आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही काय. हे बोल रागाचे आहेत, भीतीचे आहेत, त्यांत प्रार्थनेची काहीच शिस्त नाही. तरीही मार्कने सांगितलेल्या क्रमानुसार प्रभू आधी वाऱ्याला धमकावतो आणि मगच तुम्हांला अजून विश्वास कसा नाही, असे विचारतो. आपली जीभ अडखळत असेल तर अडखळू द्यावी, सिस्टर. अशी हाकही त्याने ऐकली आहे.

उत्तर ५ (इतिहासाची अभ्यासक, दौंड तालुका)

मी केडगावच्या परिसरात वाढले, त्यामुळे या विषयावर मला पंडिता रमाबाईंचे जीवन आठवल्याशिवाय राहत नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा पदरातील मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोपर्यंत इतकी माणसे गमावलेली ही बाई, आता प्रभू माझ्या घराला धक्का लागू देणार नाही अशा समजुतीने त्याच्याकडे आली असेल, असे मला वाटत नाही.

तरीही संस्थेच्या दैनंदिन गरजांसाठी देवावर इतके सरळ विसंबलेले दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात मला सापडत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा व मुली यांना घेऊन आल्या. त्या वेळी पुण्यात प्लेग होता आणि प्लेगच्या बंदोबस्तामुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवण्यात आले. त्यांतूनच मुक्ती मिशन उभे राहिले. ज्या जमिनीत विहिरी खणायच्या, झाडे लावायची आणि मुलींना हातमाग, शेती व छपाई शिकवायची, ती जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. पुढील गरजेसाठी देवाने केलेली ही तरतूद होती, असे मी मानते. परंतु जमीन विकत घेण्याची आणि विहिरीसाठी माणसे लावण्याची धावपळ रमाबाईंनी स्वतः केली होती, हेही तितकेच खरे आहे.

सर्वांत अवघड भाग शेवटचा आहे. जिच्या हाती संस्था सोपवायची ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. रमाबाईंची स्वतःची प्रकृती खालावलेली होती आणि मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे काम अजून हातावेगळे व्हायचे होते. ते काम करत करतच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी छापले गेलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. एकुलती एक मुलगी गेल्यानंतर त्या टेबलाशी पुन्हा बसण्याचे बळ त्यांना ज्याने दिले, त्याच्याविषयीच आपण या धाग्यावर बोलत आहोत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळकसाहेबांनी दाखवलेले पंधरावे वचन मी इतकी वर्षे म्हणत आले, पण त्यातील संकटाकडे माझे लक्ष गेले नव्हते. आता एकच विचारते. त्या भगिनींना पुन्हा भेटायला जायचे आहे. हे सर्व मी त्यांना समजावून सांगावे काय? दोन रात्रपाळ्या संपवून परवा सकाळी थेट तिकडेच जावे, असा विचार आहे.

उत्तर ६ (सेवानिवृत्त मेट्रन, मिरज)

सिस्टर, समजावून काही सांगू नका. शिलोहाचा बुरूज, याकोब आणि पेत्र हे सगळे आपल्यासाठी आहे, त्यांच्यासाठी आत्ताच नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तेवढाच त्यांचा भाग चांगला होता. आपणही नुसते जाऊन बसावे. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर “होय, आम्ही म्हणतो, आणि मलाही हे कळलेले नाही” असे खरे उत्तर द्यावे. शास्त्र वाचा असे त्यांनीच म्हटले, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. ते अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही, आणि तरी मंडळीच्या प्रार्थनेत त्याला जागा आहे. त्यांना पेन्शनचे आणि अपघात-विम्याचे अर्ज भरायला मदत लागेल. ती विचारून घ्यावी आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स आपणच काढून आणाव्यात.

सामर्थ्याविषयीचा आपला दुसरा प्रश्न सगळ्यांच्या बोलण्यात मागे राहिला, म्हणून त्याविषयी लिहिते. वॉर्डात आयुष्य काढल्यामुळे मला एलीयाचा प्रसंग जवळचा वाटतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि माझा जीव घे, असे देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत येऊन निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो, त्याला उठवून खाऊ घालतो आणि एलीया पुन्हा झोपतो, तेव्हा पुन्हा येऊन खाऊ घालतो. देवाची ती मंद वाणी त्याला होरेब डोंगरावर ऐकू येते ती त्यानंतर, कित्येक दिवसांची वाट चालून गेल्यावर. देव सामर्थ्य देतो ते अशाही रीतीने देतो, ताई, झोपेतून आणि भाकरीतून, आणि ते नाकारून वर पुन्हा सामर्थ्यासाठी प्रार्थना करत राहणे मला योग्य वाटत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली, तेव्हा काटा निघाला नाही, परंतु माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर मिळाले. ती कृपाही इस्राएल लोकांना रानात रोज मिळणाऱ्या मान्ना या अन्नाप्रमाणे त्या त्या दिवसापुरतीच हाती येते. पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांसाठी ती आजच गोळा करून ठेवता येत नाही.

तेव्हा रात्रपाळीवरून थेट त्यांच्या घरी जाऊ नका. आधी घरी जावे, जेवावे, पडदे ओढून झोपावे आणि दुपारी चारनंतर निघावे. त्या वेळी शेजारपाजारच्या बायकांची वर्दळ कमी असते आणि दिवेलागणीच्या वेळी घर जास्त रिकामे वाटते. तेव्हाच कोणीतरी जवळ असण्याची गरज त्यांना अधिक भासत असेल. मीही येऊ शकते. आपण कळवावे, म्हणजे मी तयार राहीन.