मदत हवी आहे: दहावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नसंचात मागे दिलेली उत्तरं बरोबर आहेत का, हे कसं ताडून पाहायचं?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी राहते. संध्याकाळी आमच्या पडवीत वाडीतली पाच मुलं अभ्यासाला बसतात, सगळी दहावीची. फी वगैरे काही घेत नाही. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं त्याला अठरा वर्षं झाली आणि भौतिकशास्त्र तर त्याच्याही आधी सुटलं, त्यामुळे मुलांबरोबर मीही नव्याने शिकतेय.

पाठ्यपुस्तकातले स्वाध्याय सोडवून झाले म्हणून जास्तीच्या सरावाला एक प्रश्नसंच आणला. प्रकाशकाचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना वेगळं कळवणार आहे. शेवटच्या चार पानांवर नुसती उत्तरं छापलीत, रीत कुठेच नाही.

गेल्या मंगळवारी भिंगाचं गणित होतं. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा किती अंतरावर? पाचांतल्या एका मुलीने नीट मांडणी करून ६० सेमी काढलं. मग मागचं पान उघडलं, तिथे १२. तिने काही न बोलता खोडरबर घेतला, ६० खोडलं आणि १२ लिहिलं. वरच्या पायऱ्या तशाच, फक्त शेवटची ओळ बदललेली. विचारलं तर म्हणाली, "काकी, मागे तसाच लिवलेला आसा. म्हणजे माझाच चुकला असतला."

ते खोडलेलं ६० कागदावर पुसट दिसत होतं. मला रात्रभर तेच डोळ्यांसमोर. कारण त्या क्षणी मलाही छातीठोक सांगता आलं नाही की तिचंच बरोबर आहे. माझ्या जुन्या पुस्तकात भिंगाच्या सूत्रात अधिक चिन्ह होतं, आताच्या पुस्तकात वजा आहे. मीच गोंधळले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं वाचायचं भिंग काढलं. समोरच्या माडांची प्रतिमा भिंतीवर ठळक होईपर्यंत मागेपुढे केलं, तर भिंग ते भिंत अंतर साधारण २० सेमीच भरलं. नशीबच म्हणायचं. मग दिवे घालवले, मेणबत्ती भिंगापासून ३० सेमीवर ठेवली आणि आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा पलीकडून सरकवत नेला. १२ सेमीवर नुसता उजेडाचा गोळा. साठाच्या आसपास गेल्यावर उलटी, दुप्पट उंचीची ज्योत पुठ्ठ्यावर उभी राहिली. मुलं ओरडलीच. त्या मुलीने पट्टी लावून स्वतः मोजलं.

पण प्रत्येक गणिताला मेणबत्ती कुठून लावणार? म्हणून बाकीची उत्तरं तपासायला बसले, तर ही निघाली:

८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी ३० अंशांच्या ३०० ग्रॅम पाण्यात मिसळलं. पुस्तक म्हणतं ५५ अंश, आम्हाला येतं ४२.५.

प्रत्येकी ५० किलोची दोन मुलं एकमेकांपासून १ मीटरवर, त्यांच्यातलं गुरुत्वबल किती? आमचं उत्तर १.६७ गुणिले दहाचा उणे सातवा घात, इतके न्यूटन. पुस्तकात सातवा घात आहे, पण उणे नाही.

२० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल? पुस्तकात २० मीटर, आमचे २०.४.

आणि ज्याच्यावर मी अजून अडलेय ते हे: २२० व्होल्टचा १०० वॅटचा पिवळा बल्ब ११० व्होल्टवर लावला तर किती वॅट? पुस्तक म्हणतं ५०, आम्ही २५ काढतो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो की खरं पाहता दोन्ही नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा बल्ब कसा मिणमिणतो ते मुलांनी पाहिलंय, त्यामुळे ती यावर हटूनच बसलीत.

शेवटचं गणित नाही, पण आमच्या जिव्हाळ्याचं आहे. हेलियमचा शोध कोणी, कुठे लावला? पुस्तकातलं उत्तर: लॉकयर, विजयदुर्ग किल्ला, १८ ऑगस्ट १८६८. लॉकयरनी जिथून सूर्यग्रहण पाहिलं म्हणतात ते किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे आम्ही लहानपणापासून बघतोय, मुलांनाही हेच सांगत आलोय. पण एका ठिकाणी वेगळं वाचलं.

तर जाणत्यांनो, मागचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळलं नाही की कुणावर विश्वास ठेवायचा, हे ठरवायची काही रीत आहे का? परीक्षेच्या तोंडावर मुलांना शिकवता येईल अशी?

प्रतिसाद (कातळवाट)

ताई, मी तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात विज्ञान शिकवलं. मेणबत्ती लावलीत ते फार चांगलं केलंत.

माझी रीत अशी. गणित सोडवण्याआधीच उत्तर कुठल्या हद्दीत पडणार ते मुलांकडून वदवून घ्यायचं. वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये आहे, म्हणजे प्रतिमा ४० सेमीच्या पलीकडेच पडणार. १२ तिथेच बाद. गार पाणी तिप्पट आहे, म्हणजे मिश्रणाचं तापमान ३० कडे झुकणार, बरोबर मध्यावर ५५ कसं येईल? आणि ते गुरुत्वबल उणे चिन्हाशिवाय घेतलं तर सुमारे १,७०० टनांच्या वजनाइतकं होतं. एका बाकावर बसलेली दोन मुलं! हा छपाईत गळलेला उणे आहे.

नंतर एक काम करायचं, जे बहुतेक जण करत नाहीत. पुस्तकाचं उत्तर कुठल्या चुकीतून निघालं असेल ते शोधायचं. आताच्या सूत्रात वस्तूचं अंतर उणे ३० घ्यायचं असतं, ते अधिक ३० घातलं की नेमके १२ येतात. दोन तापमानांची नुसती सरासरी काढली की ५५. चूक अशी हातात सापडली की आपलं उत्तर बरोबर असल्याची खात्री होते. सापडली नाही, तर आधी आपली मांडणी पुन्हा तपासायची. तुमच्या जुन्या पुस्तकातलं अधिक चिन्हही चूक नव्हतं. तिथे सगळी खरी अंतरं धन धरत, म्हणून उत्तर ६०च येतं. फक्त दोन पद्धती एकमेकींत मिसळू नका.

चेंडूचं उत्तर चूक नाही. त्यांनी गुरुत्व त्वरण १० धरलंय, तुम्ही ९.८. प्रश्नात दिलेली किंमत वापरायची. दिलेली नसेल तर कुठली धरली ते उत्तरात लिहायचं.

प्रतिसाद (सांजदिवा)

बल्बचं बोलते. रोध बदलत नाही असं धरलं तर २५ वॅट हेच बरोबर. व्होल्टेज निम्मं झालं की विद्युतधाराही निम्मी होते, म्हणून शक्ती चौथा हिस्सा. ५० लिहिणाऱ्याने विद्युतधारा तेवढीच राहते असं मानलं. दहावीच्या पेपरात २५च लिहा.

पण भाचाही खरं सांगतोय. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध खूप वाढतो. कमी व्होल्टेजला ती कमी तापते, रोधही कमी राहतो, म्हणून प्रत्यक्षात शक्ती २५ पेक्षा थोडी जास्त भरते, पण ५० पर्यंत जात नाही. पूर्ण व्होल्टेजला त्या बल्बचा रोध ४८४ ओहम येतो, सूत्राने काढून बघा. मग गार बल्बचा मल्टिमीटरने मोजा. बल्ब होल्डरमधून काढूनच, आणि मुलांना होल्डरजवळ हात नेऊ देऊ नका.

प्रतिसाद (गलबत)

हेलियमच्या उत्तरात दोन ग्रहणं एकात मिसळलीत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गवरून गेला हे खरं, पण त्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण आंध्रात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी पाहिलं. लॉकयरनी २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनहून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम मिळाला १८९५ साली, रॅमसे यांना. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे किल्ल्याशी त्यांचं नातं खरंच आहे, तारीख तेवढी वेगळी.

अशा उत्तरांना मेणबत्तीचा उपयोग नाही. तेच वाक्य दहा ठिकाणी सापडलं तरी ती एकमेकांवरून उतरवलेली असू शकतात, मग साक्षीदार एकच. त्या वेळी तो माणूस कुठे होता, हे वेगळ्या वाटेने शोधायचं.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून वहीत प्रत्येक गणिताच्या वर "अंदाज" अशी एक ओळ सुरू केलीय. सोडवण्याआधी ती भरायचीच, मगच मागचं पान उघडायचं. चुकलेली उत्तरं आणि ती कशी चुकली असावीत याचा कागद मुलांनीच लिहिला, तो प्रकाशकाला पोस्टाने पाठवतेय. पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन किल्ल्यावर जाईन, आणि १८६८ आणि १८९८ दोन्ही तिथेच सांगेन.

मल्टिमीटर वाडीतल्या वायरमनकडून आणला. गार बल्बचा रोध ३९ ओहम दाखवला. ज्या मुलीने ६० खोडलं होतं, तिने आकडा वहीत लिहिला, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकी, मगे ह्या ४८४ खय गेला?" आता ती सोमवारपर्यंत सहा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर गाडीचा छोटा बल्ब लावून विद्युतधारा मोजणार आहे.