बाबांचा डिमेन्शिया कुठला? रक्त तपासणीबद्दल मदत हवी आहे

गोरेगावकर_मुलगी: बाबा ७४. एक डॉक्टर अल्झायमर म्हणतात, दुसरे म्हणतात वेगळा प्रकार वाटतो. पी-टाऊ २१७ ही रक्त तपासणी मुंबईत कुठे होते? त्यावरून प्रकार नक्की कळतो ना? शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा.

माधवी_पार्ले: एमआरआय झाला का? विसरणं आधी सुरू झालं की वागणं बदललं? किडनी कशी आहे?

अण्णा_गिरगाव: आधी बी-१२ बघा. आमची आई इंजेक्शनांनी पुष्कळ सुधारली. ब्राह्मीही द्या.

गोरेगावकर_मुलगी: बी-१२, थायरॉईड नॉर्मल. एमआरआयमध्ये 'वयानुसार बदल' एवढंच. विसरणं तसं कमीच. पण झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, हे बरीच वर्षं आहे. संध्याकाळी गॅलरीत लहान मुलं दिसतात म्हणतात. किडनीचं क्रिएटिनिन २.१, म्हणजे जास्तच.

माधवी_पार्ले: अहो, झोपेतल्या लाथा, नसलेली मुलं दिसणं, हेच तर महत्त्वाचं! हे लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या वेगळ्या प्रकारासारखं वाटतंय. पी-टाऊ २१७ मेंदूत अल्झायमरचे बदल आहेत का, एवढंच सांगते. लेवी बॉडीच्या बऱ्याच रुग्णांत तेही असतात, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी लेवी बॉडी नाही असं होत नाही. शिवाय किडनी कमी चालत असेल तर आकडा वाढतो. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्याच.

विक्रांत_डोंबिवली: एनएफएल (मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पण करून घ्या. फ्रंटोटेम्पोरलमध्ये, म्हणजे वागणं-बोलणं आधी बदलतं त्या डिमेन्शियात, खूप वाढतं.

माधवी_पार्ले: वाढतं, पण स्ट्रोकनंतरही वाढतं, वयानेही, आणि किडनीमुळेही. यांच्या बाबतीत त्यातून काय कळणार?

विक्रांत_डोंबिवली: मग सगळ्याच तपासण्या निरुपयोगी का? अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधं-तपासण्यांची सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) यांच्या गुणोत्तराच्या रक्त तपासणीला परवानगी दिली आहे.

माधवी_पार्ले: निरुपयोगी कोण म्हणतंय? ती परवानगीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्यांसाठी आहे, आणि रिपोर्ट बाकीच्या तपासणीसोबत वाचायचा असतो. नुसत्या आकड्यावरून निदान नको.

सुलभा_ठाणे: केअरटेकर हवी असेल तर एजन्सीकडून पोलिस व्हेरिफिकेशन मागा. आम्हाला फार त्रास झाला.

गोरेगावकर_मुलगी: केअरटेकर नकोय हो. तपासणी करू की नको? रात्री फार आरडाओरडा करतात, शेजारचे म्हणतात झोपेचं औषध द्या.

माधवी_पार्ले: शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून काहीही देऊ नका. लेवी बॉडीत हॅलोपेरिडॉलसारख्या, भास आणि आरडाओरडा थांबवायला देतात त्या औषधांनी अंग ताठरतं, जिवावरही बेतू शकतं. तपासणी शुक्रवारी डॉक्टरांना विचारूनच. झोपेतल्या लाथांचा व्हिडिओ काढून न्या. उभं राहताना बीपी पडतं का? आधी पार्किन्सनचं काही निघालं होतं का?