मुलाखतीत "पाळणा कधी?" तुम्हालाही विचारलं होतं का? अनुभव लिहा

चाफेकळी
भाची मुक्कामाला आली आहे. काल सकाळी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मुलाखत देत होती, मी बाहेर मेथी निवडत होते. आमच्या त्या खोलीचं दार पावसात फुगतं, नीट लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तासभर कामाचे प्रश्न झाले. शेवटी पलीकडच्या बाईने (हो, बाईनेच!) मधाळ आवाजात विचारलं, "पुढच्या दोन वर्षांत पर्सनल काही प्लॅन?" भाची दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "आहे ना, गाडी घ्यायचीय."

मी जुडी टाकून हसले. पण दिवसभर १९९७ डोक्यातून जाईना.

दादरला अकाउंट्सची जागा होती. मी बीकॉम, लग्नाला सहा महिने. समोर तिघे. एकाचं लक्ष मंगळसूत्राकडे. "नवीन लग्न दिसतंय. मग पाळणा कधी?" तिघे हसले आणि मीही हसले. नोकरी गेली त्याचं काही नाही, पण मी हसले ते अजून टोचतं.

पुढच्या मुलाखतीला डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मंगळसूत्र काढून पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकलं, जोडवी रुमालात बांधली. लागली नोकरी! महिनाभर हाच उद्योग, रोज पुलावर काढायचं, संध्याकाळी पुलावर घालायचं. पहिल्या पगाराच्या दिवशी घालूनच गेले. साहेब म्हणाले, "अहो, लग्न केलंत आणि पेढे नाहीत?" दुसऱ्या दिवशी अर्धा किलो नेले. सासूबाईंनी विचारलं, पेढे कशाचे? म्हटलं, पगाराचे.

तुमचेही लिहा. नावं नकोत, कंपन्यांचीही नकोत.

कोथिंबीरवडी
रुमालात जोडवी 😂😂 माझं उलटं. मी बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. "लग्न झालं की नवऱ्याच्या गावाला जाल, मग आम्ही काय करायचं?" आता नवराच नाही तर त्याचं गाव कुठून आणू. डबे भरतेय, नंतर येते.

फील्डवरची
मी एमआर, म्हणजे औषध कंपनीची प्रतिनिधी. सांगली, मिरज, जत, विट्याकडचा पट्टा, गाडी ॲक्टिव्हा. मुलाखतीत विचारलं होतं, डॉक्टरांच्या केबिनबाहेर रात्री दहापर्यंत बसावं लागतं, घरचे सोडतील का? सोडतील म्हटलं. खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तो म्हणजे दिवसभर बाथरूमला कुठे जाणार. पहिलं वर्ष पाणीच प्यायले नाही. जळजळ, ताप, सगळं झालं. मी औषधं विकतेय त्याच डॉक्टरांकडे पेशंट म्हणून!

आता माझा नकाशा पाठ आहे. जतला मेडिकलच्या मागे वहिनींचं घर, कडी आतून हात घालून उघडते. विट्याला लॅबवाल्या ताई किल्ली काढून ठेवतात. दिवाळीला या दोघींना फराळ पहिला जातो, डॉक्टरांना नंतर. नवीन मुलगी लागली की मी तिला औषधांची माहिती देत नाही, आधी ही घरं दाखवते.

चाफेकळी
फील्डवरची, वाचून पोटात कालवलं गं. जपा.

रात्रराणी
आयसीयूची रात्रपाळी करून आले आहे, धागा दिसला. खूप लिहायचंय. झोपून उठले की लिहिते.

माईआजी
मी पंचाहत्तरीची. आमच्या वेळी नोकऱ्या पेपरात कमी आणि गाडीत जास्त मिळायच्या. १९९२ साली चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मी अंधेरीहून जायचे. मटार सोलता सोलता सगळ्या कचेऱ्यांच्या बातम्या कळत. कुठे टायपिस्ट बाळंतपणाला गेली, कुठे साहेब चावट आहे. शेजारची म्हणाली, "आमच्याकडे जागा आहे, उद्या माझ्याबरोबर उतर." उतरले, अठरा वर्षं केली. चावट साहेबाकडे मात्र आमच्या डब्यातून एकही बाई गेली नाही. तेव्हा तक्रारीची समितीबिमिती कुठली! आमचा डबा हीच समिती.

वकिलीण
माईआजी, मुजरा. समितीवरून आठवलं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कुठल्याही आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची आहे, तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका चौथ्या-पाचव्या महिन्यात येतात, कारण आधी घरी पटवण्यात वेळ जातो. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, तेव्हा उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

आणि पाळण्याचं म्हणाल तर २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही आलं. चांगलंच झालं. पण कर्मचारी सरकारी विम्याच्या (ईएसआय) कक्षेत नसेल तर सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणून तो आधीच चौकशी करतो. "बाळ कधी" म्हणजे "खर्च कधी".

सरकारही काही मागे नव्हतं हो. परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागेल असा नियम होता. त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या, निकाल १९७९ चा.

राघव
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आमच्या मुलीच्या वेळी बायकोच्या साहेबांनी तिला बाजूला घेऊन "आता हलकं काम घ्या" म्हणत मोठा प्रोजेक्ट काढून घेतला. त्याच महिन्यात माझ्या साहेबांनी मला पगारवाढ दिली. "जबाबदारी वाढली आता तुमची!" मूल एकच, बरं का. बायकोने त्या वाढीतून पहिल्यांदा स्वतःसाठी घड्याळ घेतलं. मी गप्प बसलो.

कोथिंबीरवडी
राघव, गप्प बसलात ते उत्तम केलंत. डबे गेले, आता निवांत. चाफेकळी, त्या मेथीचं पुढे काय झालं?

चाफेकळी
निम्मीचे ठेपले, निम्मी लसूण घालून परतली.

कोथिंबीरवडी
ठेपल्यात दही घालता का? माझे दुसऱ्या दिवशी चामडं होतात.

जर्सीकर
दही आणि चमचाभर बेसन. मऊ राहतात.
आता माझं. लग्नानंतर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आले. पुण्यात टीम लीड होते, इथे कामाला बंदी. २०१५ मध्ये नियम आला की नवऱ्याचं ग्रीन कार्ड एका टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर बायकोला वर्क परमिट मिळेल. आमचा नंबर लागेपर्यंत सात वर्षं कोरी. मुलाखतीत प्रत्येक जण तिथेच बोट ठेवी, "या काळात काय करत होतात?" पाच ठिकाणी "घरी होते" म्हणाले, पाचही गेल्या.

सहाव्या वेळी रेझ्युमेत लिहिलं की मंडळाच्या गणपतीचे हिशेब चार वर्षं पाहिले, तीनशे पानांची जेवणं, भाड्याचा हॉल, पन्नास स्वयंसेवक. मुलाखत घेणारा अर्धा तास तेवढंच विचारत बसला. ऐनवेळी आचारी आला नाही तर? म्हटलं, आलाच नव्हता एकदा. मसालेभात सोळा घरांत वाटून दिला, एकाच मापाची वाटी सगळीकडे पाठवली, तिखट सारखं लागावं म्हणून. त्यावर नोकरी मिळाली! नवरा अजून सांगतो, हिला मसालेभाताने लावलं.

चाफेकळी
सोळा घरांत एकच वाटी फिरवली?

जर्सीकर
सोळा वाट्या आणल्या, डॉलर शॉपमधून. मंडळाच्या हिशेबात आहेत 😄

खडूफळा
मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. मुलाखत पाच मिनिटांची. "मिस्टर काय करतात?" बँकेत आहेत म्हटलं. "मग तुम्हाला पगाराची तशी गरज नाही." सही एका आकड्यावर, हातात त्याच्या निम्मा, सहा वर्षं हेच. बदलीची जागा शोधतेय पण तिथेही आधी मिस्टरच विचारतात. या वेळी सांगणार आहे, घरी असतात, स्वयंपाक छान करतात. बघू काय होतं.

फील्डवरची
खडूफळा, सहीच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नक्की.

वकिलीण
+१. बँक पासबुकाची नोंदही. रोख देत असतील तर तारीख आणि रक्कम वहीत लिहीत जा, त्याच दिवशी.

रात्रराणी
उठले. आता पुन्हा ड्युटीला निघायचंय. एवढंच सांगते, मेट्रनने विचारलं होतं, "मुलं लहान आहेत, रात्री कोण बघतं?" म्हटलं, त्यांचा बाप. ती दचकली. रविवारी सविस्तर लिहिते.

राघव
चाफेकळी, भाचीचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

चाफेकळी
दुसऱ्या फेरीला बोलावलंय, शुक्रवारी अकरा वाजता. दाराला रंधा मारायला सुतार सांगितलाय.

कोथिंबीरवडी
सुतार शनिवारी बोलवा हो. पुढचं आम्हाला कोण सांगणार?