मदत हवी आहे: पिन लॉक केगमधलं प्रेशर काढायचं कसं? झाकणाला रिंगच नाहीये

मंडळी, इथे घरी बिअर करणारं कोणी असेल तर जरा लवकर सांगा प्लीज. मी न्यू जर्सीत असतो (इकडे घरच्यापुरती करायला परवानगी आहे, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, तेव्हा त्यावर वाद नको). दोन वर्षं बाटल्या भरतोय, केग (बिअर दाबाखाली ठेवायचं स्टीलचं पिंप) पहिल्यांदाच. जुना ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा पिन लॉक (जोडणीच्या तोंडांना पिना असलेला) केग घेतला, पूर्वी कोकचं सिरप भरायचे ना त्यातला.

चूक माझीच झालीय. पेल एल केली होती, बेसमेंटमधे ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, साखर आंबत गेली की उतरते) १.०१४ वर दोन दिवस हलली नाही म्हणून मी धरून चाललो की फर्मेंटेशन संपलं, आणि वर बाटल्यांच्या सवयीने गॅससाठी १४० ग्रॅम कॉर्न शुगर टाकून केग बंद केला, आणि बेसमेंटमधे जागा नव्हती म्हणून गॅरेजमधे नेऊन ठेवला, जुलै महिना, तीन आठवडे. रविवारी चव बघायला पिकनिक टॅप (नळीच्या टोकाचा हाताने दाबायचा नळ) लावला तर टॅप दाबायच्या आतच नळी टॅपवरून सटकली आणि फेस थेट समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीपासून छतापर्यंत पट्टा उठलाय. डिसकनेक्ट (नळी केगला जोडायचं टोक) कसाबसा उपटून काढला तेव्हा थांबलं. मुलगी तिथेच चार फुटांवर सायकलीत हवा भरत होती. तिला काही झालं नाही पण तेव्हापासून मी गॅरेजला कुलूप लावून ठेवलंय आणि नीट झोप नाही.

व्हिडिओत सगळे झाकणावरची रिंग ओढून गॅस सोडतात, पण ते बॉल लॉक (दुसऱ्या जातीचे, बिनपिनांचे केग) असतात. माझ्या झाकणावर नुसता एक बसका सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, हाताने ओढायला काही नाही. आत किती प्रेशर आहे तेही कळत नाही, गेज नाहीये. मला सुचलेले उपाय: स्क्रूड्रायव्हरने गॅस पोस्टमधला (केगवरच्या गॅसच्या तोंडातला) पॉपेट, म्हणजे आतली झडप, दाबायचा, किंवा पान्याने पोस्ट थोडा सैल करायचा, किंवा गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर जोडून काट्यावर बघायचं. एकाने सांगितलं झाकणाची कडी उचल, आपोआप सुटेल. यातलं काय करु? बिअर गेली तरी चालेल, कोणाला लागायला नको.

प्रतिसाद १

आधी एक, पोस्टला पाना लावूच नका. आतला पॉपेट स्प्रिंगवर असतो, आटे सुटले की पोस्ट, पॉपेट सगळं तोंडावर येईल. कडीपण नको. रेग्युलेटरही नको, केगमधलं प्रेशर जास्त असलं की बिअर उलटी गॅसच्या नळीतून रेग्युलेटरमधे घुसते आणि तो कामातून जातो.

आता हिशोब बघा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट (०.००१) उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम सीओटू होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुमचे अजून ४ पॉइंट उतरले असतील तर २, साखरेचे पावणेदोन, आधीचा विरघळलेला पाऊण-एक, म्हणजे साडेचारच्या आसपास. नेहमीची एल अडीचला पितो आपण. गॅरेजमधे ३० डिग्री असेल तर प्रेशर ८० पीएसआयच्या पुढे जातं. केगवर बघा, बहुतेक १३० चा शिक्का असतो, त्यामुळे केग चांगल्या अवस्थेत असेल तर तो फुटण्यापेक्षा तुम्ही काहीतरी उघडायला जाल आणि ते उडेल याची भीती जास्त आहे.

म्हणून पहिलं काम फ्रिज. दोघांनी धरून उभाच न्या, हलवू नका, आडवा तर अजिबात नको, आणि ४ डिग्रीला दीड दिवस ठेवा. गार बिअरमधे गॅस जास्त विरघळतो, त्यामुळे तोच केग ३० पीएसआयच्या आसपास येईल. आणि गार असताना सोडलं की फेसही कमी. गरम केगमधला गॅस सोडायला गेलात तर अर्धी बिअर फेस होऊनच बाहेर येईल.

मग पिन लॉकचा गॅस डिसकनेक्ट घ्या, गॅसला दोन पिना असतात आणि बिअरला तीन, उलटं करु नका. त्याला गेज आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह (फिरवून हळूहळू गॅस सोडायचा) जोडून मिळतो, तोच घ्या, पैसे वसूल आहेत. व्हॉल्व्हचं तोंड भिंतीकडे, गॉगल लावा, दार उघडं ठेवा कारण सीओटू जड असतो, जमिनीलगत साचतो. लहान मुलं घरात.

प्रतिसाद २

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. फक्त एक, स्क्रूड्रायव्हरने पॉपेट दाबतात लोक, मीपण दाबलाय, पण तो पाच-सात पीएसआय उरलं असताना. तुमच्यासारख्या केगवर फेस पोस्टमधून सरळ डोळ्यात येतो. आणि कोणाकडे बारमधला सँकी केग (वर एकच तोंड, आत तळापर्यंत नळी) असेल तर त्याची रिंग प्रेशर असताना कधीच काढू नका, मधली नळी सुसाट वर येते, त्यात माणसं गेलीयेत.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. गुरुवारी रात्री शेजाऱ्याच्या मदतीने केग फ्रिजमधे उभा केला, शनिवारी सकाळी डिसकनेक्ट लावला, काटा ३२ वर! पहिल्यांदा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला तर दहा सेकंद नुसता सुस्स आवाज, मग हॉपचा हिरवट फेस यायला लागला म्हणून लगेच बंद केला. मग दर तासा-दोन तासांनी थोडं थोडं सोडत राहिलो, कारण सोडलं की काटा उतरतो आणि बिअरमधला गॅस वर येऊन परत चढतो, हे मला माहीत नव्हतं. रविवारी रात्री १२ वर आला आणि सकाळपर्यंत तिथेच राहिला.

मग ग्लासभर काढून फेस पूर्ण मरू दिला आणि मोजलं, १.०१०. म्हणजे ४ पॉइंट खरंच बाकी होते.

एकच विचारायचं राहिलं. ही बिअर संपल्यावर झाकण बदलणार आहे, रिंगवालं मागवायचंय. बॉल लॉकचं झाकण या केगला बसतं का, कोणी बसवलंय का?